मनस्वीची गणिताची वही

खांदा कॉलनी, ३० जुलै

ती. सुनिताताईस, रूपेशचा सा. न.

मोबाईल परवा रागात भिंतीवर आपटला, म्हणून पत्र. कारण इरा. कॉलेजात आम्ही एका वर्गात. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, ती आता मनस्वीच्या क्लासला नववीचं गणित शिकवते. तुझी लेक आमच्याकडे शिकायला राहिली, तेवढाच माझा इराशी धागा.

मनस्वीचं वर्गमुळाचं गणित चुकलं की इरा वहीत अर्धं पान समजावून लिहायची. √५० + √१८ चं √६८ केलं, तर खाली लिहिलेलं: मुळाखालचे आकडे असे मिळवायचे नाहीत. आधी सोपे कर, ५√२ आणि ३√२. मग बेरीज, ८√२. आता आठवडाभर नुसत्या लाल फुल्या, त्याही क्लासच्याच इंद्रजीत सरांच्या! इराच्या वर्गाच्या वह्या हा का तपासतो? दोघांचं काहीतरी शिजतंय. एक दिवस जाऊन कॉलरच धरतो त्याची.

तू तरी माझ्या बाजूची राहा.
तुझा रूपेश


चिरनेर, ३ ऑगस्ट

चि. रूपेशला आशीर्वाद.

कॉलरबिलर काही धरायची नाय. आज मनस्वी आलीय. तुझं तेच गणित मी भाकऱ्या थापता थापता तिला घातलं. पोरीने मिनिटात ८√२ सांगितलं! मग वहीत √६८ आलं कुठून? म्हणाली, रोज मामा गृहपाठ तपासतो आणि खोडून नीट करून देतो. तुला वर्गमूळ येत नाय, हे मला नको सांगूस.

शुक्रवारी तिला कच्च्या मुलांच्या बॅचमध्ये टाकणार आहेत. सकाळपासून रडतेय. तुझे भावोजी तिला कायमची इकडे आणायचं म्हणतायत. हे पत्र तिच्याच दप्तरात देते, पाकीट चिकटवून. काय केलंस ते खरं लिही.

माया आहे म्हणूनच विचारते.
तुझी ताई


खांदा कॉलनी, ७ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

तुझा संशय खरा. चुका मीच घालत होतो. चूक असली की इरा लिहायची, आणि मला ते वाचायचं असायचं.

आज क्लासला गेलो. कॉलर नाही धरली, दोघांसमोर कबूल केलं. इराने मानही वर केली नाही. म्हणाली, माझं अक्षर तिने केव्हाच ओळखलं होतं. तिला माझ्यासाठी पानं लिहायची नव्हती, म्हणून तिने वही सरांकडे दिली. सरांनी मनस्वीला फळ्यावर चार गणितं घातली. चारही बरोबर. तिची बॅच बदलत नाही, भावोजींना सांग.

येताना मनस्वीची माफी मागितली. ती म्हणाली, दर वेळी तिला स्वतःचं उत्तर बरोबर वाटायचं. पण मामा कॉलेजात गेलेला, म्हणून मग तीच चुकत असेल, असं तिने धरलं.

हवं तेवढं रागाव, पण उत्तर पाठव.
तुझा रूपेश