पुसट खूण

प्रिय मीत खगेश्वर,

देवळात एकमेकांना टिळा लावून आपण मीत, म्हणजे जन्मभराचे मानलेले भाऊ झालो, त्यामुळे रागातही तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणावं लागतं. शास्त्राने माझी मोठीच अडचण करून ठेवली आहे.

गेल्या वर्षी सहा महिने तुमच्या स्वास्थ्यचौकीत, तुमच्या डोळ्यांदेखत मी क्षयाच्या गोळ्या गिळल्या. ‘गिळा मीतज्यू, हे काही तुमचं व्याकरण नाही, चघळत बसायला,’ असं चिडवायचात. बरा झालो तेव्हा माझ्याकडे गुंद्रुक-भात, आंबवून वाळवलेल्या पाल्याची ती आंबट भाजी, खाऊन बोटं चाटलीत. मग माघात खोकला आला, बेडका तानसेन गावच्या इस्पितळातल्या तपासणीच्या यंत्रात गेला आणि चिठ्ठी तुमच्या हाती पडली: ‘ट्रेस’, म्हणजे अगदी पुसट खूण. मला सांगण्याआधी तुम्ही, मी शिकवतो त्या पाठशाळेच्या अध्यक्षांना गाठलंत. ‘पंडितजींना पुन्हा क्षय झालाय, पोरांना लांब ठेवा.’ माझी शिकवायची गादी वर्गातून अंगणात आली आणि तुम्ही वाट बदललीत. बाकीच्यांचं मी मनावर घेतलं नाही. त्यांनी मला गोळ्या दिल्या नव्हत्या.

तानसेनच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. जंतू जिवंत की मेलेला, हे यंत्राला कळत नाही. नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसात मेलेल्यांचीही खूण सापडते. म्हणजे यंत्र आम्हा पंडितांच्याच जातकुळीतलं, श्राद्धात मेलेल्यांची नावं घेणारं. बाईंनी बेडक्यातले जंतू वाढतात का ते पाहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं: काही उगवलं नाही. अध्यक्षांनी गादी स्वतः आत नेली. तुम्ही फिरकला नाहीत.

हे उगाळायला पत्र लिहीत नाही. काल तुमच्या घरून मितिनी, तुमच्या सौभाग्यवती, आल्या होत्या, शालीने मान झाकून. त्यांच्या मानेवरच्या गाठीतून काढलेल्या पाण्यातही ‘ट्रेस’ आलाय, आणि तुम्ही म्हणालात, ‘मेलेले असतील गं, पंडितजींचे नव्हते का? थांबू जरा.’ मीतज्यू, माझे मेलेले होते, कारण ते तुम्ही मारले होतेत. मितिनींनी जन्मात एक गोळी घेतलेली नाही. त्यांचे कोणी मारले? आज बाईंना विचारलं. गाठीतली पुसट खूणही आजारच धरायची, औषध लगेच सुरू करायचं. तुमच्यावर विसंबणं आता मला जमत नाही, म्हणून पत्र मितिनींना आधी वाचून दाखवलंय. उद्या सकाळी त्यांना तानसेनला न्या. तुम्ही निघाला नाहीत तर मी नेईन. गोळ्या मात्र रोज तुमच्याच हातून घेऊ द्या. ते काम तुम्हाला चांगलं जमतं.

शास्त्र सोडत नाही म्हणून अजूनही तुमचाच,
मीत होमनाथ