उत्तरेची खिडकी

११ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जूनपासून तुझं भिजत घोंगडं चाललंय. मुंगळ्याच्या छातीला शहराची हवा मानवत नाही, बाहेरच्या एखाद्या गावात राहायला जा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पोरगं चार वर्षांचं, उशीला टेकून बसून झोपतं, आणि तुम्ही नवराबायको अजून नकाशे उलगडून बसलात. शेवटी कंटाळून मीच तिन्ही गावं पालथी घातली. मोजणीदार भाऊ असण्याचा तुला आजवर काही उपयोग झाला नव्हता, आता करून घे.

पुलापलीकडचं गाव विसर. शाळा खोलगट जागेत आहे, मैदानात पाणी साचतं. मावशीचं तळ्याकाठचं गाव दिसायला छान, पण शाळा अडीच किलोमीटर, मध्ये चढ, आणि दवाखाना दिवसाआड उघडा. राहिलं आमचं गाव. आमच्या मागच्याच गल्लीत घर रिकामं झालंय. मी चाक फिरवून मोजलं: शाळा सहाशे चाळीस मीटर, दवाखाना दोनशे दहा, आमचं दार पंचावन्न. इथल्या दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करणारा माणूस हवाच आहे, त्यांच्याशी जावईबापूंसाठी बोललो. घरमालकालाही तुमच्या वतीने हो म्हणून टाकलंय. तुझ्या हो-नाहीची वाट पाहत बसलो असतो तर मुंगळ्याचं लग्न शहरातच लावावं लागलं असतं.

आई खूश आहे. ठकी तर आत्तेभावाला शाळेत कुठल्या बाकावर बसवायचं तेही ठरवून बसली आहे; तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान आहे, हे तिला पटत नाही. वहिनी आठवण काढते.

आता शेपूट नको. लोभ आहेच, तो वाढवायचा तर सामान बांध.

तुझा,
दादा

*

२८ नोव्हेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

बाबांचा नियम मी अजून पाळते: राग आला की तोंड उघडायचं नाही, कागदावर लिहायचं, टपालात दोन दिवस निवू द्यायचं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. निवलेलं काही नाही.

तुझ्या शब्दावर ह्यांनी इथली नोकरी सोडली. महिनाअखेर शेवटचा दिवस. मी रुग्णालयात कपडेखोलीच्या बाईंना सांगून टाकलं की आता चादरी मोजायला दुसरी कुणी बघा. एवढं झाल्यावर वाटलं, निदान घर तरी डोळ्यांनी पाहावं. म्हणून बुधवारी रजा टाकली आणि मुंगळ्याला घेऊन तुझ्या गावी आले. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू चाक घेऊन पुढे चालला असतास.

घर चांगलं आहे. ओटा माझ्या उंचीचा आहे, मागे दोन झाडं आहेत. मुंगळा अंगणात पळत होता आणि मी मनात म्हटलं, दादा बोलतो टोचून, पण करतो मनापासून. एवढ्यात तीन वाजले आणि गल्लीतल्या खिडक्या लागायला लागल्या. एक, दोन, चार, सगळ्या. कुणी कुणाला हाक मारली नाही, कुणी बाहेर डोकावलं नाही. पाच मिनिटांत वारं फिरलं आणि तो वास आला. दादा, तो वास कसला ते मला विचारावं लागलं. टेकाडामागे हाडं उकळून सरस करायचा कारखाना आहे म्हणे. मला मळमळलं. मुंगळ्याचा श्वास अडकला. पंप दोनदा दिला तरी बरगड्या आत ओढल्या जात होत्या. त्याला उचलून मी दवाखान्याकडे धावले; तो दुपारचा बंद, म्हणून शेजारच्या औषधाच्या दुकानात शिरले. दोनशे दहा मीटर आहे म्हणालास ना, बरोबर आहे, मी धावत मोजलं.

औषधवाल्याने बिचाऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि वर धीर दिला की नवीन आहात वाटतं, महिन्याभरात सवय होईल, आम्हाला आता येतसुद्धा नाही. त्याच्यामागे खोकल्याच्या बाटल्यांनी पूर्ण भिंत भरली होती.

तुझ्या घराशेजारून मी स्टँडवर गेले आणि आत आले नाही. आले असते तर आईसमोर तुला नको ते बोलले असते. तू तिन्ही गावांचं पाणी, चढ, अंतरं सगळं लिहिलंस आणि ज्या एका गोष्टीसाठी आम्ही घर सोडतोय ती लिहिली नाहीस. का लिहिली नाहीस, ते मला कळलं पाहिजे.

आईला आणि वहिनीला नमस्कार. लोभ असावा असं लिहायची आज इच्छा नाही. रीत म्हणून लिहिते.

धाकटी

*

३ डिसेंबर

धाकटीस,
आशीर्वाद.

तू गावात येऊन गेलीस हे आईला औषधवाल्याकडून कळलं. सख्खी बहीण पंचावन्न मीटरवरून तोंड फिरवून जाते आणि परक्या माणसाच्या खुर्चीवर बसून रडते. आई दोन दिवस जेवताना बोलत नाहीये. तुला जी शोभा करायची होती ती झाली, आता माझं ऐक.

वास-बीस काही नाही. मी अकरा वर्षं इथे राहतोय, मला नाक आहे. कारखाना आहे, मी कुठे नाही म्हणतो? जगात कारखाने असतात. त्या दिवशी काही वेगळं जळलं असेल. खिडक्या लावतात त्या उन्हासाठी. दुपारचं ऊन घरात येतं, फर्निचर विटतं. वहिनी आली तेव्हापासून लावतेय, आईसुद्धा लावते. त्यात कसलं कारस्थान शोधतेस?

खरं सांगू? पोराला तुम्ही फार जपता. जरा कुठे शिंकला की पंप, स्वेटर, वाफारा. आमची ठकीही खोकते, पण आम्ही तिला उचलून गावभर धावत नाही. आमच्या घराण्याचा घसाच तसा आहे, बाबाही सकाळी अर्धा तास खाकरायचे. थोडं दुर्लक्ष केलं की पोरं आपोआप घट्ट होतात.

मी माझे चार रविवार तुझ्यासाठी घातले. आभार नकोत, पण खोटेपणाचा आरोप तरी करू नकोस. घरमालक विचारतोय. त्याला काय सांगू ते एका ओळीत कळव, पानंच्या पानं नकोत.

दादा

*

८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

एका ओळीत: नाही.

आता पानं. तुझ्या घराची ती खिडकी उत्तरेला आहे. गल्लीतल्या त्या बाजूच्या सगळ्याच उत्तरेला आहेत. ऐन डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीतून ऊन कसं येतं, ते तू मला सांग. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तू लोकांच्या बांधांचे तंटे दिशा दाखवून मिटवतोस आणि स्वतःच्या भिंतीत सूर्य कुठून येतो ते तुला माहीत नाही?

माहीत आहे. म्हणूनच मला वाटतं की तू जाणूनबुजून लपवलंस. आणि कारणही मला कळलंय. आईचे गुडघे गेले, वहिनी एकटी किती करणार, म्हणून पंचावन्न मीटरवर बहीण हवी. मग तसं सांगायचं ना. धाकटे, मी थकलोय, ये, एवढं लिहिलं असतंस तर मी आईला इथे आणलं असतं, माझ्या दोन खोल्यांत माझ्या पलंगावर झोपवलं असतं. पण माझ्या पोराचा श्वास पणाला लावून तू आपली सोय करायला निघालास. हे मी विसरणार नाही.

ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. लग्नाला सात वर्षं झाली, मी ह्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. आयुष्यभर लोकांचे दात बसवले, आता स्वतःचे खातात. तीस तारखेला नोकरी सुटली, इकडची जागा भरली गेली, तिकडे पाऊल ठेवायची सोय नाही. मुंगळा विचारतो की ठकीताईच्या शाळेत कधी जायचं. त्याला काय सांगू ते तूच एका ओळीत कळव.

आईला हे पत्र वाचून दाखव. गाळू नकोस.

धाकटी

*

१४ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. सौभाग्य अखंड राहो. मुंगळ्याचा पापा.

दादाने पत्र वाचून दाखवलं. गाळलं नाही. वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला आणि शेवटच्या ओळीला बसला. मी त्याला म्हटलं, चूल तुम्ही दोघांनी पेटवली, आता फुंकर घालायला माझ्याकडे बघू नका. पण तू एका बाबतीत चुकतेस आणि तो एका बाबतीत, म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

त्याने लपवलं नाही. तुला पटणार नाही, पण त्याला खरंच येत नाही. मला येत होता. तुझे बाबा गेल्यावर मी इथे आले ना, तेव्हा पहिले पंधरा दिवस दुपारी पदर नाकाला लावून बसायची. बोलले नाही. म्हटलं, मुलाच्या घरी येऊन महिना झाला नाही आणि लागली म्हातारी खोड काढायला, असं व्हायला नको. तुझं पत्र आल्यावर मी वहिनीला खोदून विचारलं. ती रडायलाच लागली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला उलट्या व्हायच्या, आणि सगळ्यांना वाटलं गोड बातमी आहे. नवऱ्याने हौसेने घेतलेलं घर, नावं कशी ठेवायची, म्हणून ती खिडकी लावून गप्प बसली. उन्हाचं निमित्त तिनेच काढलं. मी आले ती तिचं बघून लावायला लागले. दोघी एकमेकींसमोर खिडकी लावत राहिलो आणि दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. पुढे वास येईनासा झाला. खिडकी लावायची तेवढी राहिली.

मला राग येतोय गं. ह्या वयात रागावलं की छाती धडधडते, तरी येतोय. तुझ्यावर नाही, दादावरही नाही. मर्यादा म्हणून तोंड शिवून घेतलं, त्या मर्यादेला काय जाळायचंय? तू उंबरा न ओलांडता गेलीस ते मला लागलं. पण तू ओरडलीस ते बरं केलंस. ह्या घरात ते आधीच कुणीतरी करायला हवं होतं.

ठकीचा खोकला बाबांसारखा नाही. बाबा विडी ओढायचे. ती नऊ वर्षांची आहे. ती विडी ओढत नाही. उद्या मी तिला घेऊन मावशीकडे तळ्यावर जातेय. दादा शाळा बुडेल म्हणाला. मी म्हटलं बुडू दे. गुडघे दुखतात, तरी बसमध्ये बसून जायचं असतं, चालत नाही.

माझ्यासाठी कुणी कुठे राहायला येऊ नका. मला हवं तिथे मी सांगेन.

आशीर्वाद आहेतच, भांडलात तरी.

आई

*

२ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुला लिहायला इतके दिवस लागले, कारण राग काढायला माणूस सापडत नव्हता. घरमालकाला नाही म्हणून सांगितलं. दातांच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांच्या एका मित्राचा दवाखाना तळ्याच्या गावापासून अर्ध्या तासावर आहे, तिथे कवळ्या करणारा लागतो; चिठ्ठी सोबत जोडली आहे. जावईबापूंना म्हणावं, जायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. ह्या वेळी मी कुणाला हो म्हणालेलो नाही.

ठकीला आणायला मी मागच्या आठवड्यात गेलो. बारा दिवस झाले होते. मावशीकडे पोचलो तेव्हा ती ओसरीत आईला मोठ्याने धडा वाचून दाखवत होती. पूर्ण धडा. मी दारातच उभा राहिलो. दीड पान झालं तरी ती थांबली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. तीन दिवस राहिलो. एकटाच परत आलो.

बुधवार होता. दुपारी बसमधून उतरलो आणि वाटलं, जवळपास कुठेतरी जनावर मरून पडलंय. शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले कसला वास? मला दोन वेळा ओकारी आली, धाकटे. घरी पोचलो तर वहिनी खिडकीपाशी उभी. माझा चेहरा बघून तिचा हात कडीवरच राहिला. अकरा वर्षं मी हिच्याशी काय बोललो, तेच आठवेना. संध्याकाळपर्यंत वास गेला. म्हणजे तो गेला नाही, मला येईनासा झाला. त्याचा मला जास्त राग आला.

तू मला खोटारडा समजलीस. तसा असतो तर परवडलं असतं, पोरीला निदान वेळेवर बाहेर काढलं असतं. तू लिहिलंस की हे विसरणार नाहीस. नकोच विसरू. मीही तुझ्यावर थोडा चिडलेला आहेच, दार ओलांडून आत न आल्याबद्दल. ते असू दे.

आम्हीही इथून निघतोय. मावशीच्या गावात दोन घरं रिकामी आहेत, एकमेकांपासून बरीच लांब. मी काही मोजलं नाही. तू ये, आठवड्याच्या मधल्या वारी ये, सकाळ-दुपार थांब, हवं तेवढं हुंग आणि सांग. शाळेला चढ आहे. मुंगळ्याला मी खांद्यावर नेईन, तू नको म्हणालीस तरी.

एक गोष्ट तुलाच लिहितो, आईला सांगू नकोस. ठकी खोकली की मी तिला ओरडायचो. तुला कळवलं होतं ना, आम्ही दुर्लक्ष करतो म्हणून. दुर्लक्ष कुठलं, जेवताना खोकली की मी म्हणायचो, नाटक बंद कर. तळ्यावर शेवटच्या दिवशी आम्ही जेवत होतो. पाणी पिताना तिला साधा ठसका लागला, कुणालाही लागतो तसा. तिने घाईघाईने भांडं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. चेहरा लाल झाला तरी हात काढेना. मलाच ते धरून बाजूला करावे लागले.

लवकर ये. जितका लोभ उरला असेल तितका घेऊन ये.

तुझा,
दादा