आठ नंबरची लाइन

सोमवार, ४ मार्च

कारखान्याच्या स्टोअरला आग लागली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची आज आठवण झाली. एकोणीस वर्षं झाली! बॉयलरवाले मामा आणि मी माझ्या टेलिफोन बोर्डापाशी चहा पीत होतो. आदल्या दिवशी आठही लाइनी विक्री खात्याने अडवल्या होत्या, पिन उपटून कुणाचा फोन तोडायचं धाडस मला झालं नाही, म्हणून बंब उशिरा आला. मामांनी औषधपेटीतली चिकटपट्टी काढून आठ नंबरच्या भोकावर लावली. म्हणाले, "बाई, आजपासून ही मेली."

तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले — आठ नंबर खराब आहे. अडीनडीला बाहेर फोन करायला एक लाइन मोकळी राहिली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, सुरुवातीला खोटं बोलताना जीभ अडखळायची. पुढे सरावली.

उद्या बोर्ड निघणार. बटणांचं नवं यंत्र येतंय.

बुधवार, ६ मार्च

मेकॅनिक सज्जन आहे. कोणत्या लाइनीवरून बाहेर फोन करायचे, कोणत्या फक्त येणाऱ्या फोनसाठी, सगळं विचारून यंत्रात भरत होता. फॉर्मवर एक रकाना — राखीव लाइन. विक्रीचे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. मी त्यात रेघ मारली, म्हणजे राखीव काही नाही. म्हटलं, तो एकटा असताना सांगू.

गुरुवार, ७ मार्च

त्याने आठ नंबर तपासली. ठणठणीत. बाई, तुमचा मुडदा उठून बसला की, म्हणून हसला आणि तीही विक्रीच्या गटात टाकली. साहेब खूश. एवढ्या वर्षांचं खोटं कोणत्या तोंडाने सांगायचं? मामांनाही बोलले नाही.

मंगळवार, १२ मार्च

बॉयलरची वाफेची नळी फुटली. मामा आत. मी अँब्युलन्सला फोन लावायला गेले तर आठही दिवे लाल. जुन्या बोर्डावर कुणाचीही पिन उपटली असती — इथे उपटायला काही नाही! बटणं दाबत बसले. मग जिना चढून विक्रीच्या खोलीत गेले, एकाच्या हातातला रिसीव्हर ओढला. नऊ मिनिटं गेली होती.

बुधवार, १३ मार्च

मामा गेले.

शनिवार, १६ मार्च

मामींकडे गेले. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मामींनीच माझे हात धरले. "लाइनी भरलेल्या, त्याला तुम्ही काय करणार, बाई?"

मी मान हलवली. त्यांनी केलेला चहासुद्धा प्यायले.

मंगळवार, १९ मार्च

चौकशी सुरू झाली. साहेबांनी सगळं मेकॅनिकवर ढकललं. त्याने फॉर्मवरची माझी रेघ दाखवली, तर साहेब म्हणाले, त्या बाईमाणसाला काय कळतंय, जाणकार तू. घरी बसवलंय त्याला. जाताना माझ्याकडे नुसतं पाहिलं.

धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आक्का, गेलेला माणूस परत येतो का? मग मिटून बस की तोंड."

बुधवार, २० मार्च

धाकटे, हे तुझ्यासाठी. टेबलावरचा माझा खरा जबाब चौकशी अधिकाऱ्यांना. सही केलेली दुसरी प्रत मेकॅनिकला, त्याच्याच हातात. ही वही मामींना. त्यांना वाचता येत नाही, तू वाचून दाखव — सोळा तारखेचंही. मी त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहीन. त्यांनी बोलावलं तरच आत येईन.