सगळ्यांनी शिट्टी वाजवली

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. सामान बांधायला घेतलंस, शुक्रवारी घरमालकाला खोली सोडतेय म्हणून सांगणार आहेस, सगळं वाचलं. त्याला काही सांगण्याआधी हे वाच, म्हणून लगोलग लिहितेय. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, कागद सारखा सरकतो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. जिवावर बेतलं नाही, घाबरू नकोस. फक्त मी अजून भानावर आलेले नाही. चहा करायला जाते आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहते. काल दूध उतू गेलं, ते बघत राहिले.

मीच तुला केवढ्या फुशारकीने लिहिलं होतं, की गल्लीत पर्स हिसकावतात, कुलपं फोडतात, पण आमच्या बिल्डिंगकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची छाती नाही. तळमजल्यावरच्या ड्रिलमास्तरांनी घरोघरी शिट्ट्या वाटल्यात; एकाने वाजवली की ऐकणाऱ्या प्रत्येकाने वाजवायची. तुझे यजमान गेल्यावर तू एकटी कशी राहणार या काळजीने मी अर्धी झाले होते, तेव्हा याच शिट्टीच्या जोरावर तुला म्हटलं, इकडे ये, इथे बिनघोर राहशील. आमच्या तालमीसुद्धा व्हायच्या. असा गलका उठायचा की गच्चीवरची कबुतरं पळून जायची, आणि मास्तरांची छाती दोन इंच फुगायची.

एका माणसाला तेवढी शिट्टी दिली नव्हती. माझ्या खालच्या मजल्यावरचा भाडेकरू. बेकरीत रात्रपाळीला पीठ मळतो, दिवसा झोपतो, त्यामुळे मीटिंगला कधी दिसला नाही. रात्रभर बाहेर असणाऱ्या माणसाचा भरवसा काय, असं ठरलं; चोराच्या हाती किल्ल्या कोण देईल. मीही मान डोलावली होती.

परवा भर दुपारी एका गिऱ्हाइकाचे शिवलेले पडदे पोचवून परत येत होते. जिन्यात माझ्या मागे एक जण होता. कुणाचा तरी पाहुणा असेल म्हणून मी उलट त्याला वाट द्यायला बाजूला झाले, हा माझा शहाणपणा. त्याने पर्सच ओढली. पट्टा मनगटाला गुंडाळायची माझी सवय तुला माहीत आहे. पर्स सुटेना, मीच फरफटत दोन पायऱ्या खाली आले. गळ्यातली शिट्टी कशीबशी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली. आणि खरंच गं, सगळी बिल्डिंग वाजायला लागली. वरून, खालून, दारादारामागून. तो दचकला, पकड ढिली झाली, मला वाटलं सुटले. त्याने मान वर करून बघितलं. एकाही दाराची कडी निघाली नाही. कुणी येणार नाही हे त्याला माझ्या आधी कळलं. तो चक्क हसला, आणि मग अजिबात घाई न करता माझा हात पिरगाळायला लागला. शिट्ट्या चालूच होत्या. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात तो बेकरीवाला आला. बनियनवर, अनवाणी, डोळ्यांत झोप तशीच. त्याने त्या माणसाची मान धरली, झटापट झाली, चोर निसटून पळाला. हा पायरीवर बसला आणि माझा मोडका हात मांडीवर घेऊन म्हणाला, हलवू नका. मग दारं उघडली. मग सगळे आले.

दवाखान्यात मी त्याला विचारलं, तुला भीती नाही वाटली? तो म्हणाला, वाटली की. पण माझ्याकडे वाजवायला काही नव्हतं, मग काय करणार, आलो.

समोरची बाई संध्याकाळी डबा घेऊन आली. डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, गाल दुखेपर्यंत वाजवली हो ताई. मनापासून सांगत होती. मी डबा ठेवून घेतला. ही माणसं मूग गिळून बसली असती तर मी भांडले तरी असते. पण प्रत्येकाने आपलं काम केलंय आणि प्रत्येकाला रात्री शांत झोप लागतेय. यांच्याशी भांडू कशी? मास्तरांनी बिल्डिंगच्या दारातल्या फळ्यावर लिहिलंय, योजना यशस्वी. बेकरीवाल्यालाही आता मानाने शिट्टी देणार आहेत. मी खाली जाऊन त्याला हात जोडून, म्हणजे एकच हात, सांगून आले की बाबा रे, घेऊ नकोस. औषधांनी बाईचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार.

आता तुझं. तू ये म्हणायला माझा जीव तुटतोय. घर खायला उठतं, दाराला खुर्ची लावून झोपते, पायरीवर पाऊल वाजलं की उठून कडी पुन्हा बघते. पण आता जिन्यात कुणी ओरडलं तर मी दार उघडून बाहेर जाणार आहे. कितीही भ्याले, तरी जाणार आहे. तेव्हा तू माझा चांगला हात धरून मला आत ओढणार असशील, ताई, आपल्याला काय करायचंय म्हणणार असशील, तर शुक्रवारी घरमालकाला काही सांगू नकोस, आहेस तिथेच राहा. मी रागावणार नाही. माझ्या मागोमाग बाहेर येणार असशील तर मात्र ये. लवकर ये, मला एकटीला फार भीती वाटते.

वाट बघणारी, तुझीच
ताई