नऊ कंद, तीन पद्धती

६ सप्टेंबर, सकाळी सात
जिन्याखालचं खोकं उघडलं. शी! कुबट भुसा, दोन मेलेली झुरळं, आणि मध्ये ह्यांचा डेलिया. मातीने माखलेला कंदांचा घोस, सुजलेल्या बोटांसारखा. वर काळं पडलेलं केसाळ खोड. फेब्रुवारीत ह्यांनी स्वतः खणून ठेवला आणि पंधरा दिवसांत गेले. बी पेरून ह्यांनीच तयार केलेली जात. दुसरीकडे कुठेही नाही. हा घोस गेला की संपलं.
गेल्या वर्षी लावला कुठे होता, तर मुळ्याच्या वाफ्यात, कपड्यांच्या दोरीखाली. एवढं देखणं फूल आणि डोक्यावर ओला टॉवेल! मी लायब्ररीतून बागेचं पुस्तक आणलंय. दोनदा वाचलं. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. यंदा डेलिया नीट स्टाइलमध्ये लागणार. यात रडण्यासारखं काही नाही. हा टापटिपीचा प्रश्न आहे.

७ सप्टेंबर
कंद सुटे केले. पावाच्या सुरीने खोड, माना, सगळी घाण साफ उडवली. कचरागाडी आली तेव्हा पिशवी तिच्यात टाकली, हात तीनदा धुतले. आता नऊ कंद कसे स्वच्छ, गुळगुळीत! कंद फोडण्याचं प्रकरण तेवढं वाचलं नव्हतं. चाळीस वर्षं बटाटे चिरतेय, मला काय शिकवणार?
शेजारचे रिटायर्ड कंपाउंडर भिंतीवरून म्हणाले, वहिनी, एक कंद मला द्या, दोन ठिकाणी असलेला बरा. कंपाउंडरांच्या बागेत पांढरे रंगवलेले टायर आहेत. टायरात ह्यांचा डेलिया? नाही म्हणून सांगितलं.

८ सप्टेंबर
फॉर्मल पद्धत: फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, टेपने मोजून. कुंड्यांची पद्धत: पायऱ्यांवर दोन. कॉटेज पद्धत: स्वयंपाकघरामागे तीन. तिथे म्हणे सगळं आपसूक उगवल्यासारखं, अस्ताव्यस्त दिसायला हवं. तो अस्ताव्यस्तपणा मी आधी आलेखाच्या कागदावर काढून घेतला.

२६ सप्टेंबर
काही नाही. गोगलगायी मात्र अकरा. मिठाच्या पाण्यात टाकल्या. फेस आला. जेवण गेलं नाही.
लेकीचा फोन. आई, जरा उकरून बघ ना. म्हटलं, उकरून बघणं हा अडाणीपणा.

१४ ऑक्टोबर
कॉटेजमध्ये तीन कोंब! बरोब्बर तीन. कंपाउंडरांना ऐकू जाईल अशा आवाजात लेकीला फोनवर सांगितलं. फाटक आणि कुंड्या उशिरा येतील. फॉर्मल पद्धतीला वेळ लागतोच.

१९ ऑक्टोबर
कंपाउंडर भिंतीवरून वाकून म्हणाले, वहिनी, टोमॅटो छान आलेत. मी म्हटलं, भाऊजी, डेलियाचं पान लहानपणी असंच असतं. ते म्हणाले, चुरगाळून वास घ्या. मी घरात निघून आले.

२० ऑक्टोबर
पान चुरगाळलं. टोमॅटो. खरकट्यातून आलेले. ओकारी येईल असा वास. तिन्ही उपटले.

२ नोव्हेंबर
उकरले. नऊच्या नऊ टणक, ताजे. काहींना पांढरी मुळंसुद्धा. मग अडलंय कुठे? एक रुमालात गुंडाळून नर्सरीत नेला. नर्सरीवाली बाई कंद फिरवत राहिली. मग तिने विचारलं, मावशी, याची मान कुठंय? डेलियाचे डोळे फक्त मानेपाशी असतात, म्हणाली. मी म्हटलं, बटाट्याला तर सगळीकडे असतात. ती म्हणाली, हा बटाटा नाही हो. वर्षभर असाच टवटवीत राहील, पण उगवणार नाही.
घरी येऊन ते प्रकरण वाचलं. तिसऱ्याच ओळीत होतं.

५ नोव्हेंबर
लेकीला सांगितलं. ती म्हणाली, तसलाच दुसरा मिळेल का, विचारून तरी बघ.
पुन्हा नर्सरीत. बाईने विचारलं, रंग कसा होता? म्हटलं, जांभळा. तिने एक दाखवला. तो नाही. मग म्हटलं, लालच, पण संध्याकाळी जांभळा दिसायचा. दुसरा दाखवला. तो नाही. फोटो आहे का? फोटो आहे. त्यात हे आहेत, हसतायत, फूल पाठीमागे झाकलं गेलंय. तिसरा दाखवला. तोही नाही. मागे लोक खोळंबले होते. बाई बिचारी घाई करत नव्हती, त्याचीच जास्त चीड आली.
झेंडूचं रोप घेऊन आले. लावलं. संध्याकाळी लेकीने विचारलं, कुठल्या पद्धतीने लावलंस?
मातीत, म्हटलं.