माझ्या बांधीत चौथरा होणार नाही

मी भागीरथाबाई, लटारू दोनाडकर यांची विधवा, वय अंदाजे एकसष्ट, धंदा शेती (दस्त लिहिणाऱ्याने आधी ‘घरकाम’ लिहिले होते, ते मी खोडायला लावले), राहणार मौजे कोसंबटोला, तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहवून घेते. डोळ्यांना कमी दिसते, पण समज शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. दाब आणणारे पुष्कळ झाले, तेच थकले.

१. धानाची तीन एकर बांधी, विहिरीसह, माझ्या बापाने मुलगा नव्हता म्हणून माझ्या नावे केली. सन १९५६ चा वारसा कायदा झाल्यापासून तिची पूर्ण मालकी माझी आहे, हे वकिलांकडून मी दोनदा वाचून घेतले. ही बांधी माझा मुलगा कै. लच्छू याची विधवा वच्छला हिला देते. तिने उद्या पाट लावला, दुसरा नवरा केला, तरी बांधी तिचीच. विकायची असली तर खुशाल विकावी.

२. माझे दोन दात पितळी डबीत आहेत. ते पुतण्या गुणवंतराव याला द्यावेत, कारण ती त्याच्या बापाची, म्हणजे माझा दीर मुखरू याची, कमाई आहे. पटकीच्या साली सरकारी माणूस पाणी उकळून प्या असे सांगून गेला. गावाने त्याला हसून वाटेला लावले. मी ऐकले, म्हणून माझा लच्छू वाचला. शेजारची पोरे गेली तेव्हा मुखरू ओरडला, “इनं आपलं पोरगं राखलं न आमचे खाल्ले!” दात नसले की चेटकिणीचा मंत्र चालत नाही म्हणून त्याने दगडाने माझे दात पाडले. मंत्र मला कधीच येत नव्हता, मात्र तेव्हापासून भाकरी कुस्करून खावी लागते.

३. पुढे वीस वर्षांनी दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या, माझी आटली नाही. मी व नवऱ्याने ती पाच हात जास्त खणली होती, एवढेच कारण. गावाला पाणी भरू दिले, तर बायका माझ्या पायावर कुंकू वाहू लागल्या. मुखरूही नारळ घेऊन आला आणि ‘माय’ म्हणाला. खणताना हाताला आलेले फोड कोणी विचारले नाहीत. तेव्हा वाहिलेली सात लुगडी सोमारीला द्यावीत, तिने गोधड्या शिवाव्यात. दात पडले त्या दिवशी पाला वाटून लावायला गोंडटोल्यावरून ती एकटीच आली होती.

४. मागच्या महिन्यात गुणवंतराव हात जोडून म्हणाला, “मोठीमाय, तुमी गेल्यावर बांधीत तुमचा चौथरा बांधू. सारा गाव पुजायले येईल.” हा चौथरा भक्तीचा नाही. शेंदूर लागलेल्या जागेत नांगर जात नाही, आणि देवस्थानाचा पंच तोच होणार. मी जिवंत असतानाच त्याने धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधीच्या कडेच्या, एका दगडाला शेंदूर फासून ठेवला होता. मी तो राखेने घासला. आता त्यावर वच्छला कपडे धुते.

बांधीत चौथरा, पादुका, झेंडा काहीही उभारू नये. उभारल्यास वच्छलेने तो खणून काढावा, तिला पाप लागणार नाही. गावाला साधी बाई सोसत नाही. तिला एक तर पाटावर बसवायची, नाही तर वेशीबाहेर हाकलायची. वच्छलेचेही तेच चालू आहे. खाली मान घालून धानाची रोवणी केली की सावित्री, बाजारात हसली की नवऱ्याला खाल्लेली. लच्छू साप चावून गेला. गावाच्या या बोलण्याचा मला अजून राग येतो आणि तो मी कोणाला वाटून देत नाही.

५. राहते घर, दोन विळे व कुदळ वच्छलेला. माझ्या चितेला अग्नीही तिनेच द्यावा.

हे वाचून दाखवल्यावर वच्छला रडत माझ्या पाया पडली. म्हणाली, “आत्याबाई, माह्यासाठी तं तुमीच देवी आहा.” मी तिला तिथेच उठवले. “देवीले सही करता येत नाई, वच्छला. मले येते.”

सही : भागीरथाबाई लटारू दोनाडकर

साक्षीदार :
१. सोमारी मंगरू, निशाणी डावा अंगठा
२. पोचू कोलू भोयर, सही

स्थळ : ब्रह्मपुरी
तारीख : १२ एप्रिल १९५८