सुट्टीवर आलोय

शनि., ७ जून
बाबांबरोबर खोपोलीला. दोन किलो चॉकलेटं घेतली. येताना रिक्षात मी नखाने किमतीची स्टिकरं काढली. दुपारी काकीच्या माहेरची माणसं आली, त्यांना बाबांनी मूठमूठ वाटली. "मस्कतची हायत."
मस्कतची केव्हाच संपली. बाबांची तिथली नोकरीही.

मंगळ., १० जून
खालापूरच्या नाक्यावर भेटेल तो विचारतो, "कदी आलाव? किती दिवस हाय?" बाबांचं ठरलेलं, "सुट्टीवर आलोय." बॅगा तशाच भरलेल्या. लागेल तो कपडा काढायचा, परत चेन लावायची. आई म्ह. थोडं थांब, दुसऱ्या नोकरीची बोलणी चाललीत. अकरावीचे प्रवेश थांबतात का कोणासाठी?
वही मुद्दाम मराठीत लिहितेय. राहायची तयारी निदान माझी तरी.

रवि., १५ जून
कर्जतच्या कॉलेजची शेवटची ता. २०. मस्कतच्या शाळेचा दाखला बाबांच्या बॅगेत, किल्ली त्यांच्या करदोट्याला. मागितला तर म्ह., "तो बाहेर काढला की संपलंच मग." काय संपलं, विचारलं. किल्ली चाचपत अंगणात गेले.
काकी पडवीत तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ही चाकलेटं खोपोलीत बी मिलतात गं. बाबाला नको बोलू. सगल्यांना ठाव हाय."
अख्ख्या गावाला! आणि सगळे मजेत चॉकलेटं खातायत. मला बाबांची लाज वाटते. लाज वाटते म्हणून स्वतःचाही राग येतो.

गुरु., १९ जून
शेवटी बाबा निघाले. इस्त्रीचा शर्ट, दाखला पिशवीत. एसटीत इतकं बरं वाटत होतं की...
कॉलेजच्या खिडकीत बाबांचा शाळेतला मित्र निघाला. "काय रं सुरेश, सुट्टीवर का?"
बाबांनी पिशवी काखेत दाबली. "हा. पोरीला कालेज दाखवायला आणलंय."
मित्राने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. बाबा मस्कतच्या उन्हाळ्यावर बोलत बसले. मी चहा घेतला नाही. परत येतानाही पिशवी त्यांच्या काखेतच.

शुक्र., २० जून, सकाळ
पिशवी कालपासून ओट्यावरच होती. उचलली. अर्ज भरलाय, पालकांची सही तेवढी राहिलीय.
बाबा अंगणात दात घासता घासता शेजारच्या आजोबांना सांगतायत, सुट्टी अजून पंधरा दिवस हाय. आजोबा मान डोलावतायत.
चपला घातल्यात. आजोबा जायच्या आत, त्यांच्यासमोरच बाबांच्या हातात पेन देणार आहे.